घरात टीबी निघाला : गोळ्या एकाला, तपासणी सगळ्यांची

टीबीचा रिपोर्ट हातात पडला की बहुतेक घरांत पहिली हालचाल स्वयंपाकघरात होते. रुग्णाचं ताट, पेला, तांब्या वेगळा निघतो. अंथरूण ओसरीवर जातं. नातवंडांना आजोबांजवळ फिरकू नका म्हणून बजावलं जातं. मात्र बाकीच्यांच्या तपासणीचं विचारलं तर उत्तर येतं, ‘आम्हाला कुठे खोकला आहे?’

इथे काळजी खरी असते, पण ती भलत्या ठिकाणी खर्च होते. ताट, पाणी, कपडे, टॉवेल, हात मिळवणं यांतून टीबी पसरत नाही. तो पसरतो हवेतून, आणि ती हवा घरातल्यांनी रिपोर्ट येण्याच्या आधीच कित्येक आठवडे घेतलेली असते. योग्य औषधं सुरू झाली की रुग्णाकडून लागण होण्याचा धोका झपाट्यानं उतरतो. म्हणजे ज्या दिवशी ताट वेगळं होतं, त्याच सुमारास घरच्यांचा रुग्णापासूनचा धोका ओसरू लागलेला असतो. आधीच शरीरात शिरलेल्या जंतूंचा प्रश्न मात्र तसाच राहतो, आणि त्याकडेच कुणी पाहत नाही.

हवा, खोली आणि कूलर

फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, मोठ्यानं बोलतो तेव्हा बारीक थेंब बाहेर पडतात. जड थेंब खाली पडून तिथेच संपतात. एक ते पाच मायक्रॉनचे कण मात्र कोंडलेल्या खोलीत तासन्‌तास तरंगतात, आणि श्वासाबरोबर फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतात. लागण होण्यासाठी जंतू बाहेर टाकणारा रुग्ण, न बदलणारी हवा आणि त्या हवेत गेलेला वेळ, असं सगळं जुळून यावं लागतं. एसटीत शेजारी बसून केलेला अर्ध्या तासाचा प्रवास आणि एका खोलीत काढलेल्या तीन महिन्यांच्या रात्री यांची बरोबरी होत नाही.

मानेच्या गाठीचा, मणक्याचा, पोटाचा किंवा मेंदूचा टीबी इतरांना होत नाही, कारण त्यातले जंतू श्वासावाटे बाहेर येत नाहीत. फक्त अशा रुग्णाला सोबत फुप्फुसाचाही टीबी नाही ना, हे एक्सरेनं पाहून घ्यावं लागतं. मानेत गाठ असलेल्या मुलीचा आजार सोयरिकीच्या भीतीनं लपवला जातो तेव्हा तिच्यापासून कुणालाच धोका नसतो. धोका असतो तो औषधं अर्धवट सोडली तर तिलाच.

घराच्या बांधणीचा इथे थेट संबंध येतो. जाड मातीच्या भिंतींचं धाब्याचं घर उन्हाळ्यात गार राहतं, पण खिडक्या इवल्याशा असतात. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे थंडी वाढली की धाब्याचा झरोकाही झाकला जातो आणि पाच-सहा जण एका खोलीत दार लावून झोपतात. टीबीसाठी याहून सोयीची जागा नाही. सातपुड्यातलं कुडाचं घर त्या मानानं हवेशीर असतं. उन्हाळ्यात गच्चीवर किंवा अंगणात खाट टाकून झोपायची रीत तर उत्तमच, कारण मोकळ्या हवेत हे कण विरळ होऊन जातात आणि दिवसा ऊन जंतूंना मारतं.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, तेव्हा खिडक्या उघडा असं सांगणं सोपं असतं, ऐकणं कठीण. तिथे कूलर कामाला येतो, पण तो बसवलाय कसा यावर सगळं अवलंबून आहे. कूलर खिडकीबाहेर असेल तर तो बाहेरची हवा आत ढकलतो. समोरचं दार किंवा खिडकी उघडी ठेवली की खोलीतली हवा सतत बदलत राहते, आणि खोली गारही नीट होते. तोच कूलर स्टँडवर खोलीच्या आत ठेवून दारं लावली, तर तीच हवा फिरत राहते. घरातला साधा एसी हेच करतो. पंखा रुग्णाच्या मागे, वारा खिडकीबाहेर जाईल असा ठेवावा. रुग्णाच्या समोरून येणारा वारा घरच्यांच्या तोंडावर जाईल, असा नको.

पहिले दोन आठवडे रुग्णानं शक्य तर हवेशीर खोलीत वेगळं झोपावं. इतरांबरोबर बंद जागेत असताना साधा सर्जिकल मास्क किंवा निदान दुपदरी केलेला रुमाल, गमछा तोंडा-नाकावर असावा. मास्क रुग्णानं लावणं जास्त उपयोगाचं, कारण जंतू तिथेच अडतात. बेडका झाकणाच्या डब्यात थुंकावा आणि जंतुनाशक टाकून संडासात ओतावा. याहून जास्त सोवळं पाळायची गरज नाही. जेवण एकत्र, गप्पा अंगणात.

दोन आठवड्यांचा हा अंदाज दोन अटींवर उभा आहे : गोळ्या रोज पोटात गेल्या पाहिजेत आणि जंतू त्या गोळ्यांना दाद देणारे असले पाहिजेत. दुसरी अट पहिल्याच तपासणीत बरीचशी कळते.

बेडका द्यायचा, थुंकी नाही

थुंकीचे दोन नमुने घेतात, एक जागेवर आणि एक सकाळी उठल्या-उठल्याचा. सकाळचा जास्त कामाचा. साध्या पाण्यानं चूळ भरावी, दोन-तीनदा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून साधारण दोन मिलिलिटर बेडका डबीत टाकावा. हे उघड्यावर, माणसांपासून दूर करावं. पातळ, फेसाळ लाळ दिली तर असलेला टीबीही रिपोर्टमध्ये दिसत नाही. ‘थुंकी तपासली, काही निघालं नाही’ म्हणणाऱ्या पुष्कळ जणांच्या डबीत लाळच गेलेली असते.

सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या मशीनवर काही तासांत दोन उत्तरं मिळतात : टीबीचा जंतू आहे का, आणि तो रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला दाद देतो का. हे मशीन जंतूचा डीएनए शोधतं, मग तो जंतू मेलेला असला तरी. म्हणून उपचार चालू असताना प्रगती पाहायला ते वापरत नाहीत. दोन महिन्यांनी आणि शेवटी बेडका सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ‘मशीनवर अजून पॉझिटिव्ह येतं’ म्हणून खासगीत पैसे खर्च करून घाबरून गेलेल्या घरांनी एवढं लक्षात घ्यावं. निदान झालं की एचआयव्ही आणि साखर या दोन्हींची तपासणी होते. मधुमेह असलेल्याला टीबीचा आजार होण्याची शक्यता दोन ते तीन पट असते आणि साखर आटोक्यात नसेल तर उपचारही रेंगाळतो.

चार औषधं का, सहा महिने का

आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि एथाम्ब्युटॉल ही चार औषधं पहिले दोन महिने रोज. पायराझिनामाइड वगळून उरलेली तीन पुढचे चार महिने रोज. सरकारी पाकिटात ती एकाच गोळीत एकत्र असतात. किती गोळ्या, हे वजनावर ठरतं : २५ ते ३४ किलोला २, ३५ ते ४९ किलोला ३, ५० ते ६४ किलोला ४, ६५ ते ७५ किलोला ५, त्यापुढे ६. सगळ्या एकाच वेळी, शक्यतो उपाशीपोटी घ्यायच्या. सकाळी दोन आणि रात्री दोन अशी वाटणी करून घेतल्या तर रक्तात औषधाची पातळी पुरेशी चढत नाही. मळमळ फारच होत असेल तर हलकं काही खाऊन घ्याव्यात, पण सोडू नयेत. दर महिन्याला वजन करायचं कारण हेच, की वजनाचा गट बदलला तर डॉक्टर गोळ्यांची संख्या बदलतात. लहान मुलांच्या गोळ्या वेगळ्या असतात. मोठ्यांची गोळी मोडून मुलाला देऊ नये.

चार औषधांमागचा हिशेब साधा आहे. पोकळी पडलेल्या फुप्फुसात जंतू एक कोटीपासून शंभर कोटींपर्यंत असू शकतात. त्यात साधारण दहा लाखांमागे एक जंतू आयसोनियाझिडला जन्मतःच दाद न देणारा असतो, रिफाम्पिसिनला दहा कोटींमागे एक. एकटं औषध दिलं तर बाकीचे मरतात आणि हे उरलेले वाढून सगळं फुप्फुस व्यापतात. दोन्ही औषधांना एकदम दाद न देणारा जंतू मात्र एकावर चौदा शून्यं इतक्या जंतूंमागे एखादा, म्हणजे व्यवहारात नाहीच. औषधं एकत्र देण्यातली ताकद ही अशी.

काळ लांबतो तो झोपलेल्या जंतूंमुळे. भराभर वाढणारे जंतू पहिल्या काही दिवसांतच मोठ्या संख्येनं मरतात. ताप उतरतो, भूक लागते, माणूस शेतात जायला लागतो आणि म्हणतो, ‘आते बरं वाटस.’ पण काही जंतू जवळपास न वाढता पडून असतात. औषधांचा मारा प्रामुख्यानं वाढणाऱ्या जंतूंवर चालतो, त्यामुळे हे जागे होतील तेव्हा तेव्हा रक्तात औषध हजर असावं लागतं. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गोळ्या सोडल्या तर हेच उरलेले पुन्हा वाढतात, आणि तो माणूस पुन्हा घरभर जंतू सोडू लागतो.

एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट गोळ्या घ्यायच्या नाहीत. नेहमीच्याच घ्यायच्या आणि चुकलेला दिवस शेवटी भरून काढायचा. खंड सलग महिनाभर पडला तर जुन्या पाकिटातून स्वतःच सुरुवात करू नये. बेडका पुन्हा तपासून मग पुढचं ठरतं. गोळ्यांचं पाकीट पत्र्याच्या छपराखाली किंवा चुलीशेजारच्या फळीवर ठेवू नये. उन्हाळ्यात माठाजवळच्या गार, कोरड्या, मुलांचा हात न पोचणाऱ्या कोनाड्यात ठेवावं, पण ओल लागू देऊ नये.

गोळ्यांनी काय होतं

लघवी केशरी होते. हे रिफाम्पिसिनमुळे, निरुपद्रवी. घाम आणि अश्रूही किंचित रंगतात. घाबरायचं ते डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला, लघवी चहासारखी गडद झाली, अन्नावरची वासना गेली आणि उलट्या थांबेनात, तर. ती काविळीची लक्षणं. सगळ्या गोळ्या थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दारू चालू असेल तर हा धोका बराच वाढतो, आणि ती मोहाची आहे की देशी, याचा यकृताला काही फरक पडत नाही. नजर अंधूक झाली किंवा लाल-हिरवा रंग ओळखता येईना, तर ते एथाम्ब्युटॉलमुळे असू शकतं. तेव्हाही लगेच जावं, उशीर झाला तर नजर परत येईलच असं नाही. पायाला मुंग्या, तळव्यांची आग हे आयसोनियाझिडचं. त्यासाठी पायरिडॉक्सिनची गोळी मिळते. सांधे दुखतात ते बहुधा पायराझिनामाइडनं, आणि ते औषध दोन महिन्यांनी संपतंच.

एक गोष्ट दवाखान्यात सहसा विचारली जात नाही आणि सांगितलीही जात नाही. रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा असर कमी होतो. उपचाराच्या काळात निरोध किंवा तांबी असं दुसरं साधन लागतं. मधुमेहाच्या काही गोळ्यांचंही असंच होतं, म्हणून साखर मधूनमधून तपासावी. गरोदरपणात ही चार औषधं चालतात, ती थांबवणं हाच मोठा धोका. बाळंतिणीनं मास्क लावून बाळाला अंगावर पाजत राहावं. बाळाला प्रतिबंधक औषध लागतं का, ते डॉक्टर ठरवतात.

घरातले बाकीचे

जंतू शरीरात शिरणं आणि आजार होणं यांत मोठं अंतर आहे. लागण झालेल्या शंभरांतल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी आजार होतो. उरलेल्यांची प्रतिकारशक्ती जंतूंना कोंडून ठेवते. ते आजारी नसतात आणि त्यांच्यापासून कुणाला लागण होत नाही. मात्र आजार होणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांना तो पहिल्या दोन वर्षांत होतो. पाच वर्षांखालची मुलं, एचआयव्ही असलेले, मधुमेही आणि वजन फार कमी असलेले यांचा धोका सर्वांत जास्त. लहान मुलांत तो फुप्फुसापुरता न राहता मेंदूपर्यंत जाऊ शकतो. जन्मतः दिलेली बीसीजी या गंभीर प्रकारांपासून बरंच संरक्षण देते, फुप्फुसाच्या टीबीपासून मोठेपणी फारसं नाही.

तपासणीच्या यादीत कोण येतं? उपचार सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत एकाच बंद जागेत ज्यांनी एक जरी रात्र काढली, किंवा दिवसाचा बराच वेळ घालवला, ते सगळे. आशाताई घरच्यांची नावं विचारतात तेव्हा सूनबाई आपल्या माणसांची चार नावं सांगते. बाळंतपणाला माहेरी आलेली लेक आणि तिचं तान्हं बाळ, रोज रात्री टीव्ही बघायला येणारा पुतण्या, जिनिंगमध्ये एकाच खोलीत राहिलेले सोबती राहून जातात. ही नावं आठवून द्यावीत. आणि घरात आधी लहान मुलालाच टीबी निघाला असेल, तर उलट दिशेनं शोध घ्यावा, कारण मुलाला तो कुणातरी खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडूनच आलेला असतो.

प्रत्येकाला चार गोष्टी विचारतात : खोकला, ताप, वजन घटणं, रात्री घाम. मुलांत वजन न वाढणं आणि खेळणं कमी होणं हेही. यांतलं एक जरी असलं तरी बेडका आणि एक्सरे. ‘खोकला बिडीचा आहे’ हे उत्तर ग्राह्य धरू नये. लक्षणं नसतील तर पाच वर्षांखालच्या मुलांना आणि एचआयव्ही असलेल्यांना, टीबी नसल्याची खात्री करून, थेट प्रतिबंधक औषध देतात. मोठ्यांची, सोय असेल तिथे, रक्ताची इग्रा चाचणी किंवा सीवाय-टीबी ही त्वचेवरची चाचणी आणि एक्सरे होतो. या चाचण्या लागण झाली आहे का तेवढंच सांगतात, आजार आहे का ते नाही. आणि लागण झाल्यावर त्या पॉझिटिव्ह यायला दोन ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे पहिल्याच आठवड्यातल्या निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून निर्धास्त होऊ नये.

प्रतिबंधक उपचाराचे दोन प्रकार जास्त वापरात आहेत. एक, आयसोनियाझिड रोज, सहा महिने. दुसरा, आयसोनियाझिड आणि रिफापेन्टिन आठवड्यातून एकदाच, १२ आठवडे. हा दोन वर्षांवरच्यांना देतात, गरोदर बाईला नाही. आठवड्याच्या गोळ्या काही खाऊन घ्याव्यात, आणि वार ठरवताना गावचा आठवडी बाजाराचा दिवस धरावा, विसरत नाही. त्या दिवशी अंग मोडून आल्यासारखं, कणकण आल्यासारखं काहींना होतं. लघवीचा रंग इथेही बदलतो. कावीळ असलेल्यांना आणि भरपूर दारू पिणाऱ्यांना ही औषधं सरसकट देत नाहीत.

‘आजार नाही तर गोळ्या कशाला, पुढे खरंच टीबी झाला तर औषध लागू पडणार नाही,’ हा आक्षेप खान्देशातच काय, सगळीकडे ऐकू येतो. वरचा हिशेब इथे लावून पाहा. कोंडलेल्या लागणीत जंतू इतके थोडे असतात, की त्यात औषधाला दाद न देणारा सापडणंच अवघड. दाद न देणारे जंतू निपजतात ते आजार चालू असताना कोटींनी जंतूंवर एखाद-दुसरं औषध दिलं तर. म्हणूनच प्रतिबंधक गोळ्यांआधीची तपासणी टाळून चालत नाही. आजार चालू नाही ना, हे पाहणं हेच तिचं मुख्य काम. रुग्णाचा टीबी औषधाला दाद न देणारा असेल तर घरच्यांसाठीही नेहमीची आयसोनियाझिड उपयोगाची नाही, औषध बदलावं लागतं. रुग्णाचा रिपोर्ट म्हणून घरातल्यांच्या तपासणीला सोबत न्यावा.

डाळ

रुग्णाच्या बँक खात्यात निक्षय पोषण योजनेचे पैसे येतात. आधी महिन्याला ५०० रुपये होते, १ नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. खासगी डॉक्टरांकडे उपचार घेणाऱ्यालाही ते मिळतात, त्यासाठी नोंद झालेली हवी. खासगी दवाखान्यांना २०१२ पासून टीबीची नोंद करणं बंधनकारक आहे.

घरच्यांच्या जेवणाचं मात्र कुणी बोलत नाही. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राशन्स या मोठ्या अभ्यासात रुग्णाच्या कुटुंबीयांना महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. त्या घरांत नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला, इतरांना लागण करू शकणारा प्रकार ४८ टक्क्यांनी. पाच किलो धान्य तर रेशनवर मिळतंच. आपल्याकडे कमी पडते ती डाळ, माणशी रोज ५० ग्रॅम, म्हणजे एक छोटी मूठ. ज्वारीत उडीद दळून केलेली कळणाची भाकरी, उडदाची डाळ, भाजीत शेंगदाण्याचं कूट, अंडी परवडत असतील तर अंडी. दूध, दही, केळी, भात खाल्ल्यानं खोकला वाढतो म्हणून टीबीच्या रुग्णाचं जेवण तोडलं जातं. त्याला काही आधार नाही. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी बंद करायला सांगणारा माणूस भेटला, तर त्याचं ऐकू नका.

उपचारात असताना गाव सोडताना

दिवाळीनंतर नंदुरबार, धुळे आणि चाळीसगावकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, काही गुजरातकडे, काही पश्चिम महाराष्ट्रात. मोडलेले बरेच कोर्स याच वेळचे असतात. रुग्णाची नोंद निक्षय क्रमांकावर, म्हणजे सरकारी टीबी-नोंदीत मिळालेल्या क्रमांकावर, देशभर चालते, औषध जिथे जाल तिथल्या सरकारी केंद्रात फुकट मिळतं. निघण्याआधी आठवडाभर उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तालुका, कारखाना आणि मुकादमाचा फोन नंबर सांगावा. कर्मचारी नोंद तिकडे वळवतात आणि मधल्या दिवसांच्या गोळ्या सोबत देतात. निक्षय क्रमांकाचा आणि शेवटच्या रिपोर्टचा फोटो रुग्णाच्या आणि घरातल्या आणखी एकाच्या मोबाइलमध्ये ठेवावा, कारण फोन बहुतेकदा एकाचाच चालू असतो. प्रतिबंधक गोळ्या घेणाऱ्या मुलांची नावंही त्याच वेळी सांगावीत, ती यादीतून हमखास सुटतात. कोपीत, म्हणजे ऊसतोडीवरच्या झोपडीत, हवा भरपूर असते, पण थंडीत सगळे एका ताडपत्रीखाली दाटीनं झोपतात. ताडपत्रीच्या दोन बाजू खालून हातभर मोकळ्या ठेवाव्यात. तिकडे कुणाला विचारावं कळेनासं झालं तर १८००-११-६६६६ हा टोल-फ्री नंबर आहे. जवळचं केंद्र कोणतं ते तिथे सांगतात.